मागे कोण येतंय

"मागे कोण येतंय ते बघत चाल," असं मी माझ्या लेकीला, संचिताला, रोज सकाळी बजावते. ती "हो गं आई" म्हणते आणि कानात इअरफोन खुपसून कामाला निघते.

काल संध्याकाळी मी नवघर रोडवर भाजी घेत होते. दिवसभर पोळ्या लाटून खांदे भरून आले होते. समोरून संचिता आली. मान खाली, नजर मोबाइलमध्ये. माझ्या पिशवीला घासून सरळ पुढे निघून गेली! हाक मारणार होते, पण म्हटलं, बघू तरी, बाईसाहेब कधी मागे बघतात.

मी तिच्या मागोमाग चालत राहिले. रिक्षावाल्यानं हॉर्न मारला, तर दचकले मीच. बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. जिन्यात ती पुढे आणि मी धापा टाकत मागे.

दाराशी जाऊन तिनं बेल दाबली. पुन्हा दाबली. मग माझ्या पिशवीत मोबाइल वाजला. मेसेज होता, "आई, पोचले. दार उघड."

मी तिच्या पाठीशीच उभी होते. चांगली झापणार होते, पण अंगात त्राणच नव्हतं. तिच्या खांद्यावरून हात घालून मी लॅचमध्ये किल्ली फिरवली.

वर न बघताच ती आत शिरली. "आई, चहा टाक ना. जाम दमलेय."

मी चहा टाकला. रागानं त्यात साखर घातलीच नाही.

तिनं अख्खा कप संपवला. म्हणाली, "मस्त झालाय."