घट्ट झाकणाचा डबा

मित्रांनो, मी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. बिस्किटं माझ्यात जेमतेम चार दिवस टिकली. पुढची बावीस वर्षं मी बी सांभाळलं.

मला नर्सबाईंनी आणलं. वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून केलेल्या बागेत त्यांचाच शब्द चालायचा. आईकडून आलेला जांभळा घेवडा त्या दरवर्षी लावत आणि थंडीच्या तोंडावर त्याचं बी माझ्यात भरत. तो घेवडा दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. कुणी चार दाणे मागितले, तर बाई म्हणत, "कोवळ्या शेंगा हव्या तेवढ्या न्या. बी मिळणार नाही. हलगर्जी आहात सगळे!" मग माझ्या झाकणावर थाप मारत. "याच्यात वारासुद्धा शिरत नाही." पत्र्याचा असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

भरण्याआधी बाई एक दाणा दाताखाली धरत. दाताची खूण उमटली, तर सगळं बी परत उन्हात जाई. कट्टकन फुटला, तरच डब्यात. ही परीक्षा त्यांनी कुणाला शिकवली नाही आणि कुणी विचारलीही नाही.

मागच्या वर्षी थंडी लवकर आली, आणि बाई स्वतःच आजारी पडून दवाखान्यात होत्या. बागेत एकच धांदल उडाली. कुणी वाळके वेल उपटत होतं, कुणी वाफ्यांवर पानं पसरत होतं. बाईंचे शेजारी शिंपीकाका, त्यांनी घेवड्याच्या शेंगा घाईघाईने सोलल्या, दाणे माझ्यात ओतले आणि झाकणाला वरून चिकटपट्टीही लावली. मग मला पिशवीत घालून थेट दवाखान्यात नेलं.

"बी भरलंस का रे?"

"भरलं, ताई. एकदम घट्ट."

बाईंच्या बोटांत झाकण उघडायची ताकद नव्हती. त्यांनी माझ्यावर नुसता हात ठेवला. "मिटली बाबा काळजी," त्या म्हणाल्या. माझ्या पोटात ओल होती, ती मला कळत होती. पण मी कुणाला सांगणार?

त्याच महिन्यात बाई गेल्या. बाहेर कडाक्याची थंडी पडली आणि माझ्या आत दाण्यांना बुरशी धरली. कुठे एखादी फट असती, तर ओल निघून गेली असती. ज्या गुणासाठी बाईंनी मला बावीस वर्षं नावाजलं, त्याच गुणाने मी त्यांचा घेवडा मारला. याचं मला फार वाईट वाटतं.

थंडी सरल्यावर काकांनी झाकण उघडलं. बुरशीचा वास आला. तरीही त्यांनी एकूण एक दाणा पुसून लावला, महिनाभर पाणी घातलं. काहीच उगवलं नाही.

मग काका घरोघर फिरले. "खरं सांगा, बाईंच्या नकळत कुणी चार दाणे चोरून ठेवलेत का? मी मुळीच रागावणार नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. एकानेही चोरी केली नव्हती.

मित्रांनो, तुमच्याकडे असं जिवापाड जपलेलं काही असेल, तर मागेल त्याला त्यातलं थोडं आजच देऊन टाका. त्याच्याकडून हरवलं तर हरवू दे.