सातवा फर्मा

पुस्तकं बांधणाऱ्याला सगळी गल्ली संशयराव म्हणायची, आणि हे नाव त्याने स्वकष्टाने कमावलेलं होतं. दुकानाचं कुलूप तो तीनदा ओढून बघायचा आणि चौथ्यांदा बायकोला ओढायला लावायचा. अशा माणसाच्या हातात कुणी कायद्याचं पुस्तक द्यावं का? पण कायदा शिकवणाऱ्या सरांनी दिलं. जुनं, खिळखिळं झालेलं, नव्याने बांधायला.

"कसलं पुस्तक हे?" त्याने विचारलं.

"अपकृत्यांचं. म्हणजे तुरुंगात जाण्याइतका गुन्हा नाही, पण शेजाऱ्याचं नुकसान तर केलंय, असली प्रकरणं," सर म्हणाले. "काही मुद्दाम केलेली, काही हयगयीने झालेली. आणि काही अशी, की चूक कुणाचीच नाही, तरी ज्याने धोक्याची वस्तू बाळगली त्याने भरून द्यायचं."

झालं! आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायला. पुस्तक उसवून त्याने फर्मे सुटे केले. सोळा-सोळा पानांचे हे गठ्ठे एकेक करून दुरुस्त करायचे, वाळवायचे आणि मग पुन्हा शिवायचे. दुरुस्त करता करता तो एकेक फर्मा वाचत गेला, आणि प्रत्येक पानावर त्याला एकच माणूस दिसायला लागला, शेजारचा सुतार.

भुसा उडून ओल्या डिंकावर बसतो, तो उपद्रव. फळ्या याच्या उंबऱ्याला टेकवून ठेवतो, ती हयगय. आणि मुद्दाम केलेलं? ते सापडायला वेळ लागला नाही. दोन दुकानांमधल्या भिंतीला, कपाटाच्या मागे, बोटभर रुंदीचं भोक होतं. स्वच्छ, गोल, गिरमिटाने पाडलेलं.

"अतिक्रमण!" संशयराव एकटाच ओरडला.

मग मागचं सगळं जुळत गेलं. गेला महिनाभर हे चाललं होतं. पुस्तकाची पाठ गोल करायला तो हातोडी चालवायचा. हात दुखला म्हणून जरा थांबला, की पाच मिनिटांत सुताराची स्वारी दारात हजर. "दादा, जरा डिंक मिळेल का?" कधी डिंक, कधी दोरा, कधी नुसतंच "काय चाललंय?" अरे, सुताराला दोरा कशाला हवा? नक्की पाळत ठेवतोय. त्यात सातवा फर्माही सापडेना. एवढ्याशा भोकातून सोळा पानं जात नाहीत हे त्यालाही कळत होतं, पण संशयाला माप कुठे असतं?

सकाळी त्याने पुस्तकातले शब्द वेचून नोटीस लिहिली. "तुम्ही माझ्या भिंतीत मुद्दाम अतिक्रमण केले आहे. भोक आजच्या आज बुजवावे, आणि यापुढे माझ्या दारात पाऊल टाकू नये." सुताराने ती उभ्याउभ्या वाचली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. तासाभरात भोकात लाकडाची खुंटी बसली, अगदी भिंतीच्या बरोबरीने.

"बघ, गप्प बसला की नाही? चोराच्या मनात चांदणं," दुपारी डबा घेऊन आलेल्या बायकोला त्याने ऐटीत सांगितलं.

बायकोने खुंटीकडे पाहिलं आणि डबा खाली ठेवला.

"हे काय करून बसलात? ते भोक मी पाडायला सांगितलं होतं."

"तू?"

"मग काय करू? दीड महिन्यापूर्वी इथेच चक्कर येऊन पडलात. मी डबा घेऊन वेळेवर आले म्हणून वाचलात. डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका. तुम्ही म्हणालात, मला राखणदार नको, तो दुकानातलं चोरेल! शेवटी शेजारच्या ह्या सुतारभावजींचे पाय धरले. म्हटलं, ह्यांची हातोडी ऐकत राहा. थांबली की जाऊन बघून या, पण ह्यांना कळू देऊ नका. बिचारे रोज नवीन निमित्त शोधत होते हो."

"पण मला विचारायचं तरी," संशयराव पुटपुटला.

"विचारलं असतं, तर हो म्हणाला असतात?"

ती डोळे पुसत निघून गेली. डबा तसाच राहिला. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्याने पानं दाबून ठेवायच्या शिकंज्याचा स्क्रू सैल केला, आणि फळ्यांच्या मध्ये सातवा फर्मा निघाला. त्यानेच दाबून ठेवला होता, परवा. मथळा होता 'बचाव', आणि पहिलंच वाक्य: ज्याने आपणहून संमती दिली, त्याला तक्रार करता येत नाही.

त्याने हातोडी घेतली. दहा-बारा ठोके मारले आणि थांबला. दाराकडे बघत राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पलीकडे रंधा चालल्याचा आवाज येत होता, पण दारात कुणी आलं नाही. कुणी येणारही नव्हतं, त्यानेच तसं लिहून दिलं होतं. आता इथे पडलो तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळणारसुद्धा नाही, हे त्याला पहिल्यांदाच नीट कळलं.

डिंकाची वाटी घेऊन तो सुताराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"डिंक हवा होता ना तुला?"

सुताराने रंधा थांबवला नाही. "नको. काम झालं माझं."

"खुंटी काढ रे बाबा."

"कायद्याचं काम आहे, दादा. तोंडी चालत नाही." सुताराने खिशातली नोटीस काढून पुढे केली. कानावरची पेन्सिलही दिली.

संशयरावाने कागद उलटला. मागच्या कोऱ्या बाजूला त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माझी संमती आहे', आणि खाली सही केली. सुताराने ते दोनदा वाचलं. मग गिरमिट उचललं, आणि वाटीतला डिंकही घेतला.