मला कपाटावर का चढवलंत?

मी एक जुना गेम कन्सोल आहे. मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तू साधारणपणे हळव्या आवाजात बोलतात, अधूनमधून उसासे टाकतात. मला ते जमणार नाही. मी चिडलोय. माझ्या पोटातला पंखा आधीच घरघरतो, त्यात हा राग, तेव्हा आवाज चढला तर कानावर हात ठेवा, पण ऐका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका रांगेत बसून माझ्यासारख्यांचे स्क्रू पिळत होत्या. मी बाजारात यायच्या आधी माझ्याबद्दल काय काय वावड्या उठल्या होत्या म्हणून सांगू! म्हणे मी माणसाच्या मनातलं ओळखणार, म्हणे मी टीव्हीशिवाय भिंतीवर चित्र उमटवणार. प्रत्यक्षात आलो तेव्हा मी साधा काळा डबा होतो. लोक दोन दिवस हिरमुसले आणि मग मजेत खेळायला लागले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की या लोकांच्या जिभेला हाड नाही.

ज्या घरी मी आलो तिथे चौघंजण राहतात. दादा कॉलेजात जातो. त्याची धाकटी बहीण शाळेत आहे. तिचे केस सतत डोळ्यांवर येतात म्हणून सगळे तिला झिपरी म्हणतात. आई पोस्टाच्या खिडकीवर बसते. आणि आजोबा. आजोबांचं केस कापायचं दुकान होतं. दुकान बंद केल्यावर तिथला मोठा आरसा त्यांनी घरी आणून बैठकीच्या खोलीत लावला, माझ्या टीव्हीच्या बरोब्बर समोर. झिपरीच्या डोक्याला जन्मापासून आजोबांशिवाय कुणाची कात्री लागलेली नव्हती.

एका सकाळी दाढी करताना आजोबांच्या हातातून वस्तरा गळून पडला. उजवं अंग लुळं पडलं होतं. दवाखान्यातून परत आले तेव्हा पाय बराच सुधारला होता, पण उजव्या हाताची बोटं आत वळून बसली होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला एक स्पंजचा चेंडू दिला. आजोबांनी तो दोनदा दाबला आणि खिडकीत ठेवून दिला. "हे काय लहान बाळाचं खेळणं दिलंत!" म्हणाले.

मग दादाने काय केलं, ते नीट ऐका. त्याने माझा कंट्रोलर आजोबांच्या हातात दिला. आजोबा त्याला रिमोट म्हणतात. तो गुळगुळीत, त्यामुळे हातातून निसटायला लागला. तेव्हा दादाने जुन्या टॉवेलची पट्टी फाडली, कंट्रोलरच्या उजव्या बाजूला गुंडाळली, वरून चिकटपट्टी मारली आणि आजोबांच्या वळलेल्या बोटांत बसेल अशी जाडजूड मूठ तयार केली. दोन-तीनदा सोडून पुन्हा बांधली. इतकं शहाणं काम त्याने कधी केलं नव्हतं. म्हणूनच तर माझा राग जास्त आहे. पुढे त्याने जे केलं ते परक्याने केलं असतं तर मी सोडून दिलं असतं.

आमचा खेळ होता चेंडू घरंगळवून बाटल्या पाडायचा. कंट्रोलरच्या पाठीमागे, पहिल्या बोटाखाली एक बटण असतं. दाबून धरलं की चेंडू उचलला जातो, सोडलं की सुटतो. दाबायचं आणि सोडायचं. कात्रीचंही दुसरं काय असतं? सुरुवातीला आजोबांचा प्रत्येक चेंडू बाजूच्या चरात जायचा. दाबणं जमायचं, बोट वेळेवर सुटायचं नाही. पण गडी हटला नाही. रोज दुपारी खुर्ची ओढून बसायचे आणि बाटल्यांना दम द्यायचे.

"पड की गं बये! पड, पड! अगं, ती कोपऱ्यातली भवानी बघ कशी उभी आहे!"

आई आतून ओरडायची, "बाबा, हळू! शेजारी दार वाजवतील."

"वाजवू देत. त्यांनाही खेळायला घेऊ."

हळूहळू बोट सुटायला लागलं. पुन्हा तपासायला आल्या तेव्हा बाईंनी आजोबांचा हात उलटसुलट करून पाहिला. "बोटं मोकळी होतायत. आता हे बंद करू नका हं," त्या म्हणाल्या. "थांबलात की पुन्हा आखडतील. मग सांगता येत नाही." हे घरातल्या सगळ्यांसमोर सांगितलं होतं. दादाही तिथेच उभा होता.

आजोबांनी फडक्यात गुंडाळलेली कात्री बाहेर काढली. आधी वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या. मग एका रविवारी झिपरीला आरशासमोर बसवलं आणि कपाळावरची एक बट कापली. वाकडी कापली. पण झिपरी ती बट हातात घेऊन घरभर नाचली. आजोबा तिला म्हणाले, "शाळेत वर्गाचा फोटो काढतात ना, त्याच्या आधी तुझे सगळे केस मीच कापणार. तोवर कुणाला डोक्याला हात लावू देऊ नकोस."

"नाही देणार," झिपरी म्हणाली. आणि ही पोरगी शब्दाची पक्की आहे.

इथपर्यंत सगळं छान होतं. आणि मग तो आला. म्हणजे आला नाहीच, येणार होता. नवा कन्सोल!

मित्रांनो, न आलेल्या वस्तूने इतका छळ करावा? दादा सकाळी उठला की फोन, जेवताना फोन. कुणीतरी एक धुरकट फोटो टाकायचा आणि त्यातल्या काळ्या सावलीवर शहाणी माणसं तासन्‌तास वाद घालायची. तो उभा असणार की आडवा? पांढरा की काळा? एकाच्या मावसभावाचा मित्र म्हणे कंपनीतच कामाला, त्याने डोळ्यांनी पाहिला होता. दुसऱ्याने फक्त खोका पाहिला होता, आणि त्यावरून त्याने आत काय आहे ते सगळं सांगितलं. ऐकून ऐकून माझे कान किटले.

एक दिवस दादा नाचतच घरी आला. "आजोबा, जुना कन्सोल देऊन नवा मिळणार आहे! फक्त जुना अगदी नव्यासारखा हवा. एक ओरखडा चालणार नाही, कंट्रोलर स्वच्छ हवा आणि मूळ खोका हवा."

"तुला कुणी सांगितलं?" झिपरीने विचारलं.

"सगळे सांगतायत."

"सगळे म्हणजे कोण?"

"अगं, सगळे म्हणजे सगळे! तुला नाही कळायचं त्यातलं."

मला त्यातलं कळत होतं, पण मला कोण विचारतो! दादाने माझ्या कंट्रोलरवरची चिकटपट्टी सोलली. टॉवेलची पट्टी उकलून केराच्या डब्यात टाकली. डिंकाचे डाग स्पिरिटने घासघासून काढले. आजोबा खुर्चीत बसून बघत होते, उजवा हात मांडीवर होता.

"महिन्याभराचा तर प्रश्न आहे, आजोबा," दादा म्हणाला.

आईनेही मान हलवली. "नव्यावर तुम्हाला आणखी छान खेळता येईल, बाबा."

"असू दे, असू दे," आजोबा म्हणाले. "पोराला हौस आहे."

असू दे काय, असू दे? मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझी वायर काढलेली होती. मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, मूळ खोक्यात कोंबलं आणि कपाटावर चढवलं, मोडक्या छत्रीच्या शेजारी.

वर पडल्या पडल्या मी खोक्याच्या फटीतून सगळं बघत-ऐकत होतो. महिना गेला. तारीख पुढे गेली म्हणे, आता नक्की पुढच्या महिन्यात. तोही गेला. दादाच्या गप्पा संपेनात. आणि खाली आजोबांची दुपार सुनीसुनी झाली. ते आरशासमोरच्या खुर्चीत बसायचे आणि डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं उलगडत राहायचे. उलगडली की ती परत मिटायची. झिपरीचे केस नाकापर्यंत आले.

आई म्हणाली, "चल, पार्लरमध्ये जाऊन येऊ. डोळे जातील तुझे."

"नाही. आजोबा कापणार आहेत."

"अगं, पण त्यांना आता..." आईने पुढचं वाक्य गिळलं, कारण आजोबा तिथेच बसले होते.

वर्गाचा फोटो निघाला. झिपरीने घरी आणला तेव्हा दादा हसला. "ही बघा, नुसतं नाक दिसतंय!" आजोबांनी फोटो हातात घेतला, डाव्या हातात. बराच वेळ पाहिला. मग उजवा हात शालीखाली सरकवला आणि त्यानंतर तो कुणाला दाखवेनात. मित्रांनो, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एका अफवेसाठी! जिचा बाप कोण हे कुणालाच ठाऊक नाही अशा अफवेसाठी!

शेवटी नव्या कन्सोलची घोषणा करायचा मोठा कार्यक्रम झाला. घरातले सगळे टीव्हीसमोर जमले. ढोल, दिवे, धूर. एक जाकीटवाला मंचावर इकडून तिकडे चालला, पडदा क्षणभर सरकला, काहीतरी चमकलं आणि तो म्हणाला, भेटू पुढच्या वर्षी. संपलं. जुन्याच्या बदल्यात नवा देण्याबद्दल अवाक्षर नाही. दादाने दुकानात फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे दुकानदाराचं हसणं मलाही ऐकू आलं. "कसली योजना, भाऊ? आम्ही असं कधी म्हटलंच नाही. रोज कुणी ना कुणी विचारतं, आम्हालाच कळत नाही कुठून येतात!"

दादाने फोन खाली ठेवला.  झिपरीने खुर्ची ओढली, वर चढली आणि माझा खोका खेचला.

"अगं, हळू! ओरखडा पडेल!" दादा सवयीने ओरडला.

"पडू दे!" झिपरी इतक्या जोरात किंचाळली की आई धावत आली. "पडू दे! पडू दे!"

तिने खोका फाडला, मला बाहेर ओढलं, आणि कपाटाच्या कडीवर माझी कड चांगली खरवडली. तो ओरखडा अजून आहे. माझ्या अंगावर त्याच्याइतकं सुंदर दुसरं काही नाही.

तिने कंट्रोलर आजोबांच्या हातात दिला. आजोबांनी शालीखालून हात काढला. बोटं मिटलेली होती. तिने एकेक बोट उघडून त्यात कंट्रोलर बसवला. आजोबांनी ओठ आवळून जोर लावला, पण बटण तसूभरही हललं नाही. गुळगुळीत, स्वच्छ कंट्रोलर निसटून फरशीवर आपटला.

दादा उठला, आत गेला आणि टॉवेल घेऊन आला. चांगला, नवा टॉवेल. आईच्या देखत त्याने तो टर्रकन फाडला. खाली बसून पट्टी गुंडाळायला लागला. "घट्ट झालं तर सांगा, आजोबा."

आजोबा आयुष्यात कधी त्याच्यावर चिडले नव्हते. तेव्हा चिडले. "घट्ट-सैल राहू दे. तू ते काढलंसच का, एवढं सांग मला. चालत होतं ना रे माझं बोट? चालत होतं ना?"

 दादाने चिकटपट्टी फाडली आणि मूठ पुन्हा बांधली.

आता आम्ही रोज खेळतो. दादा रोज शेजारी बसतो, हेही सांगायला हवं. आजोबांचं बोट आत्ता कुठे बटण दाबायला लागलंय. वेळेवर सुटत नाही, चेंडू चरात जातो. बाटल्यांना ते आता दम देत नाहीत. बाई येऊन गेल्या. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "बघू."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. मी हात जोडणार नाही आणि तसं म्हणणारही नाही. मला जपू नका! मला वापरा. माझ्यावर ओरखडे पाडा, डिंक लावा, चिंध्या गुंडाळा, माझा पंखा जळेपर्यंत मला चालवा. यायचा तो येईल तेव्हा येईल. पण त्याच्या नावाने घरात चालू असलेलं काही बंद पाडलंत, तर माझ्याशी गाठ आहे.

झिपरी आता दोन वेण्या घालते. कात्री अजून फडक्यातच आहे.