ऋणनिर्देशाचं पान

"सर, पुस्तकभर नावं बदललीत म्हणता. मग हे काय?"

विक्रमने पुस्तक उघडंच टेबलावर सरकवलं. कसब्यातल्या कबड्डी मंडळाचा तो अध्यक्ष; वॉर्डातला पक्षही त्याच्याच मुठीत. त्याच्या बोटाखालची ओळ वाचून दिगंबर सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

'कसबा पेठेतले प्रशिक्षक महिपती यांनी सहा वर्षं मला मैदानाशेजारी बसवून घेतलं. त्यांनी माझे डोळे उघडले नसते, तर हा ग्रंथ झाला नसता.'

समाजशास्त्र शिकवण्यात हयात गेलेला माणूस. मैदानावरची शिस्त दंगलीत कशी कामी येते, चढाई-पकड शिकलेली पोरं एका हाकेसरशी दुकानं कशी फोडू लागतात, यावर सरांनी जीव ओतला होता. मंडळाचं नाव बदललं, गाव बदललं, खेळाडूंची नावं बदलली. पण लहानपणापासून कीर्तनात मांडी घालून बसलेला जीव! नमन झाल्याखेरीज बुवा कथेला हात घालत नाहीत, आणि ज्याच्याकडून मिळालं त्याचं नाव न घेता पुढं जाणं सरांच्या लेखी पापच. ऋणनिर्देश लिहिताना त्यांचे डोळे भरून आले होते. त्या भरल्या डोळ्यांना एवढं साधं दिसलं नाही, की या एका नावानं झाकलेलं सगळं उघडं पडणार आहे.

"अहो, तीस वर्षं पोरं घडवतोय तो माणूस. त्याला मंडळातून काढलंत कशाला?" सरांनी विचारलं.

"काढलंय कुठं? विश्रांती दिलीय. सहा वर्षं बोलून बोलून दमले असतील हो." विक्रमने टाइप केलेला कागद पुढे केला. "यावर सही करा. पुस्तकातली माहिती लेखकानं कल्पनेनं रचली, कुणी सांगितली नाही. बस, एवढंच. उद्या महिपतीमामांच्या गळ्यात शिट्टी परत. आपलं काय जातंय? पेन्शन थोडीच थांबणार आहे!"

सही म्हणजे जन्मभराचं काम आपल्याच हातानं खोटं ठरवणं. सर क्षणभर घुटमळले, आणि घुटमळलो याचीच त्यांना लाज वाटली.

"त्यांना विचारून येतो," म्हणत ते उठले.

महिपतीमामा मैदानाच्या जाळीबाहेर उभे होते. आत सराव चालू होता. येणारी-जाणारी पोरं मान खाली घालून त्यांच्या शेजारून जात होती.

"मामा, चूक माझी. मी सही करतो."

मामांनी कागद वाचून घेतला. "कल्पनेनं रचलं? शंभू येरवड्याच्या तुरुंगात बसलाय, तो काय तुमच्या कल्पनेतला?"

शंभू त्यांच्या संघात पकडीचा डावा कोपरा सांभाळायचा. सराव चालू असताना विक्रमचा फोन आला आणि मंडळाचा टी-शर्ट अंगात असतानाच तो गाडीत चढला. दंगलीत एक दुकान जळालं, आत झोपलेला म्हातारा गेला.

"विक्रमभाऊ म्हणाला, या पोराला मी ओळखतच नाही. आता तुम्ही पण तेच लिहून द्या."

"पण तुमचं मैदान गेलं हो, मामा."

"मैदान गेलं ते शंभू गेला त्याच दिवशी. शिट्टी तेवढी राहिली होती." मामांनी कागद परत केला. "पुस्तक आणलंय? माझं काय लिहिलंय ते वाचा की. सगळ्यांनी ऐकवलं, पण शिव्या मिसळून."

सरांनी वाचलं.

"परत एकदा."

सरांनी पुन्हा वाचलं.

"या मैदानावर राज्याची सात पदकं आली, सर. पेपरात नाव यायचं ते भाऊचं." मामांनी पुस्तक हातात घेतलं, नखानं घडी दाबत तेवढं पान अलगद फाडलं, चार घड्या करून खिशात ठेवलं आणि पुस्तक परत दिलं. "बाकीचं मला माहितीये."

"काय सर, ठरलं का?" मंडळाच्या कचेरीच्या दारातून विक्रम ओरडला.

सरांनी मागं वळून पाहिलं नाही. सहीविना कागद त्यांच्या हातात चुरगळला.

आत चढाईला गेलेला एक पोरगा पकडीत सापडला. चौघं त्याच्यावर पडले. महिपतीमामांचा हात सवयीनं गळ्याकडे गेला, क्षणभर तिथंच चाचपडला, आणि सावकाश खाली येऊन खिशावर थांबला.