मेव्हण्याची चढाई

पंजाबला सोनाळ्याहून मलकापूरला आणलं ते दयारामनंच. पंजाब त्याचा मेव्हणा, बायकोचा, कोकिळाचा, पाठचा भाऊ. पोळ्याला सासरी गेला असताना दयारामनं त्याला गावच्या पोरांबरोबर कबड्डी खेळताना पाहिलं, आणि जेवण तसंच ठेवून तो मैदानाच्या कडेला उभा राहिला. पोरगा उंच नव्हता, पण त्याचा पाय हाताला लागत नव्हता. पकडायला खाली वाकलेल्या गड्याच्या अंगावरून तो वासरासारखा उडी मारून पलीकडे जायचा.

"चाल माह्यासंगं," दयाराम म्हणाला. "शंकररावजीनं तुले पाह्यलं तं सोडनार नाही."

महाराष्ट्र होऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. मलकापुरात शंकररावांचं कापसाचं जिनिंग होतं आणि जिनिंगचा कबड्डीचा संघ होता. शंकररावांना खेळाचं वेड. गावोगावचे गडी हेरून ते आणत, जिनात नावाला कामावर ठेवत, आणि बारा महिने पगार देत. कापूस यायला सुरुवात होईपर्यंत जिनिंगचं आवार मोकळं असे, तेव्हा तिथंच सराव चाले. सकाळी रेल्वेच्या रुळाकडेनं पळायचं, मग दंडबैठका, संध्याकाळी खेळ. दिवाळीनंतर सामन्यांचा हंगाम लागला की संघ खामगाव, चिखली, अकोला असा फिरे.

या संघाचा नायक दयाराम होता. पहिली चढाई त्याची, अडचणीतली चढाईही त्याचीच. कोणी कुठं उभं राहायचं, कधी धरायचं, कधी सोडायचं, हे तो नुसत्या डोळ्यानं सांगायचा. पण आता त्याची तिशी उलटली होती. उजवा गुडघा सरावानंतर भोपळ्यासारखा सुजायचा. कोकिळा एरंडाची पानं तव्यावर गरम करून बांधायची आणि सकाळी तो लंगडणं लपवत आवारात जायचा.

सराव घ्यायला अर्जुनराव मास्तर होते. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. पंजाबला चार दिवस पाहिल्यावर ते शंकररावांना म्हणाले, "पोरगं नायक व्हायच्या लायकीचं आहे."

ही गोष्ट त्यांनी आवारातच म्हटली, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ती गावभर झाली. गेल्या वर्षी संघ अकोल्याच्या अंतिम सामन्यात हरला होता आणि औंदा तो कप मलकापुरात यायलाच पाहिजे, असं सगळ्या गावानं ठरवून टाकलं होतं. स्टेशनसमोरच्या हॉटेलात, कापसाच्या दलालांच्या पेढ्यांवर, न्हाव्याच्या दुकानात, जिथं तिथं एकच विषय. नायक कोण? दयाराम का त्याचा साळा? सराव बघायला लोक भिंतीवर चढून बसू लागले.

पंजाबला हे सगळं अवघड जात होतं. तो राहायचा दयारामच्याच घरी, जेवायचा बहिणीच्या हातचं. मैदानावर कोणी त्याचं नाव घेऊन ओरडलं की तो खाली मान घाली. दयाराम मात्र त्याला मनापासून शिकवत होता. दम कसा राखायचा, मध्यरेषेकडे परतताना नजर कुठं ठेवायची, कोपऱ्यातल्या गड्याला कसं फसवायचं. शिकवताना दयारामला स्वतःचा अभिमानही वाटायचा. पण घरी आला, गुडघ्याला पानं बांधली, की तो पगाराचा हिशोब करत बसे.

पितृपक्ष संपताना मास्तरांनी जाहीर केलं, की संघाचे दोन भाग करून रविवारी एक सामना खेळवायचा. एका बाजूला दयाराम, दुसऱ्या बाजूला पंजाब. जो जिंकेल तो औंदाचा नायक.

शनिवारी संध्याकाळी दोघं जेवायला बसले होते. कोकिळा भाकरी थापत होती. भाकरीचा तुकडा मोडता मोडता दयाराम म्हणाला, "नायकपन गेलं तं शंकररावजी मले काय बसून पगार देतीन? कापसाच्या गाठी उचलायले पाठवतीन प्रेसवर. ह्या गुडघ्यानं गाठी उचलाच्या म्हंजे झालंच."

कोकिळाचा हात परातीत थांबला. "असं काऊन बोलून राह्यले?"

"खरं ते बोलून राह्यलो."

 पंजाबनं भाकरी संपवली, ताट घेऊन उठला, आणि बाहेर हात धुताना बराच वेळ पाणी ओतत राहिला.

रविवारी आवार माणसांनी भरलं. बायकाही जिनाच्या ओट्यावर दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांत कोकिळा होती. सामना पहिल्यापासून चुरशीचा झाला. पंजाब चढाईला आला की कोणीतरी बाद व्हायचंच. दयारामनं अक्कल वापरून बरोबरी ठेवली. शेवटी दोन्ही बाजूंचे गुण सारखे झाले आणि शेवटची चढाई पंजाबची होती. दयारामच्या बाजूला तो आणि आणखी एकच गडी उरला होता.

"कबड्डी, कबड्डी" म्हणत पंजाब आत आला. डावीकडचा गडी त्याला बिचकून मागं सरला. पंजाबनं उजवीकडं वळून पाय लांब टाकला आणि दयारामनं खाली झेप घेऊन त्याचा घोटा धरला.

हा घोटा सरावात कोणालाच धरता आला नव्हता. धरला तरी पोरगा हिसका मारून सुटायचा, आणि त्या हिसक्यानं धरणाऱ्याची बोटं दुखायची. दयाराम त्या हिसक्याची वाट पाहत होता. हिसका आलाच नाही. पाय हातात नुसता पडून राहिला. मग पंजाब जमिनीवर आला, त्याचा दम सुटला, आणि लोकांनी आरोळी ठोकली.

पंजाब तसाच मातीत पडून होता. दयाराम त्याच्याशेजारी गुडघ्यावर. क्षणभर दोघांची नजरानजर झाली. एवढ्यात गड्यांनी दयारामला उचलून खांद्यावर घेतलं. कोणीतरी गुलाल उधळला. मास्तर खुर्चीतून उठले नाहीत. दयारामकडे पाहत राहिले. पण पाय दयारामच्या हातात होता, मास्तरांच्या नव्हता, त्यामुळे ते काही म्हणू शकत नव्हते.

घरी गेल्यावर, पंजाब बाहेर गेलेला पाहून कोकिळा म्हणाली, "तो असा पडत नाही."

"कोन?"

"पंजाब. मी बहीन हाये त्याची. झाडावरून पडला, बैलावरून पडला, सगळं पाह्यलं मी. आज तो पडला नाही, बसला."

दयाराम ताडकन म्हणाला, "म्हंजे मले धरता येत नाही, असंच ना? जिनभर लोकायनं पाह्यलं अन् तुले एकटीलेच दिसलं काय?"

तिनं पुन्हा विषय काढला नाही. त्या दिवशी पानं मात्र तिनं बांधली, नेहमीसारखीच.

हंगाम सुरू झाला. खामगावला जिंकले, चिखलीला जिंकले. पंजाबला मास्तरांनी दयारामच्या सांगण्यावरून कोपऱ्यात उभं केलं होतं, पकडीसाठी. चढाई दयारामची आणि दुसऱ्या एकाची. समोरचे संघ लेचेपेचे होते म्हणून निभावलं. मलकापुरात मात्र लोकांना वाटत होतं, कप आलाच. दयाराम रस्त्यानं निघाला की दुकानातून लोक "नायक!" म्हणून हाक मारत आणि तो हात वर करी. रोज सकाळी तो स्वतःला सांगे, पोरगा दमला असेल, पाय घसरला असेल. सांगून सांगून त्याला ते जवळजवळ खरं वाटू लागलं होतं.

अकोल्याच्या अंतिम सामन्यात समोर नागपूरकडचा संघ होता. मलकापुराहून दोन ट्रक भरून माणसं आली होती. मध्यंतरापर्यंत जिनिंगचा संघ सात गुणांनी मागं पडला. दयारामची तीन वेळा पकड झाली होती. गुडघा वळत नव्हता.

मध्यंतरात मास्तर त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "दयाराम, आता पंजाबला पाठवू या चढाईला."

पंजाब ओंजळीनं पाणी पीत होता. त्यानं ऐकलं आणि वर पाहिलं.

"नाही मास्तर," दयाराम म्हणाला. "माह्यात दम हाये अजून."

"दमाचं नाही म्हणत मी."

"नायक कोन हाये?"

मास्तरांनी खांदे पाडले. "तू आहेस," ते म्हणाले आणि आपल्या जागेवर गेले.

उत्तरार्धात दयाराम जिवाच्या करारानं खेळला. दोन गुण आणले, पाच वेळा बाद झाला. शेवटच्या चढाईत गुडघ्यानं साथ सोडली आणि तो कोणी हात लावण्याआधीच बसला. संघ मोठ्या फरकानं हरला. मलकापूरचे लोक लगेच ट्रकमध्ये चढले. शंकरराव तर सामना संपण्याआधीच निघून गेले होते.

पंजाबनं दयारामला आधार देऊन मैदानाबाहेर आणलं. "हळू, भाऊजी," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं आपली पिशवी भरली, बहिणीच्या पाया पडला आणि सोनाळ्याच्या मोटारीत बसला. मिरच्या तोडायला आल्यात, बाबा एकटे आहेत, असं कारण सांगितलं.

पुढच्या पोळ्याच्या आधी शंकररावांनी कळवलं, की औंदा संघ काढायचा नाही. गडी पांगले. दयारामला त्यांनी काढून टाकलं नाही. प्रेसवरही पाठवलं नाही. फाटकाजवळ गाड्यांची नोंद करायला बसवलं. बसून करायचं काम. ज्या गोष्टीची त्याला एवढी भीती होती, ती कधी घडणारच नव्हती.

रिकामा बसला की त्याला तो पाय आठवायचा. आणि ती शनिवारची भाकरी. आपण गाठी उचलण्याचं बोललो ते कोकिळाला सांगण्यासाठी, का पंजाबनं ऐकावं म्हणून? खूप विचार केला तरी त्याला खात्रीनं उत्तर देता येईना. उत्तर देता येत नाही हेच वाईट, असं त्याला वाटे.

अखेर त्यानं खामगावला जाऊन तिथल्या एका संघाच्या कारभाऱ्याशी बोलणं केलं. पोराला पाहून घ्यायला ते तयार झाले. तसाच तो सोनाळ्याला गेला. सासू रुक्मिणीबाईंनी पाटावर बसवलं, "पाय कसा हाये जवाईबापू?" म्हणून विचारलं. जेवण झाल्यावर तो पंजाबला शोधत मळ्यात गेला.

पंजाब मिरचीला पाणी देत होता. एका वर्षात तो अंगानं भरला होता, त्याचं लग्नही ठरलं होतं.

"खामगाववाले घेतीन तुले," दयाराम म्हणाला. "पहिल्याच दिवशी चढाईले उतरवतीन. मी बोललो."

पंजाबनं फावड्यानं माती ओढून एक वाफा बंद केला, दुसरा उघडला. "नाही, भाऊजी. आता नोको."

"काऊन? लग्न ठरलं म्हनून?"

"लग्नाचं काही नाही. मनच नाही लागत."

दयाराम बांधावर बसला.  मग तो म्हणाला, "त्या दिवशी तू पाय सोडला. मले समजलं होतं. हातात होता तवाच समजलं होतं."

"मले माहीत हाये."

"मले माफ कर बे."

पंजाब फावड्यावर हात टेकून उभा राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "मी पाय सोडला तो माह्या मर्जीनं, भाऊजी. त्याचं काही नाही. पन मी खाली पडून राह्यलो होतो ना, तवा मले वाटलं, तुम्ही म्हनसान, 'ऊठ बे पंजाब, असं नाही, पुन्हा खेळ.' म्हनून मी उठलो नाही लवकर. तुमच्याकडे पाहून राह्यलो होतो." तो थांबला. "अकोल्यालेही वाटलं. मास्तर बोलले तवा."

 फावडं खांद्यावर टाकून पंजाब म्हणाला, "चाला, ऊन झालं. आई चहा ठेवून बसली असन."

चहा झाला. पंजाबनं त्याला मोटारीपर्यंत पोचवलं, बहिणीसाठी मिरच्यांची पिशवी दिली, आणि लग्नाला आठ दिवस आधी या म्हणून सांगितलं. सगळं रीतसर, प्रेमानं. मोटार निघाल्यावर दयारामनं मागं वळून पाहिलं, तर पंजाब पाठ फिरवून मळ्याच्या वाटेला लागलाही होता.

घरी कोकिळा दारातच उभी होती. "काय म्हनला?"

"येत नाही म्हनला."

ती वाट पाहत राहिली. दयारामनं पिशवी खाली ठेवली, भिंतीला टेकून बसला, आणि पंजाब जे बोलला ते सगळं, एक शब्दही न गाळता, तिला सांगितलं. सांगताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. ती ऐकून घेऊन आत गेली. थोड्या वेळानं चूल पेटल्याचा आवाज आला, पण ती बाहेर आली नाही, आणि त्यानंही हाक मारली नाही.