दुकानात जाऊन मी फुगलो

मित्रांनो, मी एक जुनं अ‍ॅप आहे. जुनं म्हणजे दोनच वर्षांचं, पण आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. माझ्यामुळे एका बाईची मेहनत वाया गेली आणि ते मला अजून बोचतं.

कडाव गावच्या ऋतिकाने मला घडवलं. पळसदरीला सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांनी डोंगरातल्या ठाकर आदिवासींच्या वाडीवरची रानभाजी आदल्या दिवशीच मागवावी, यासाठी माझा जन्म. वाडीतल्या ठमीमावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून ऋतिकाने तिच्याच आवाजात भाज्यांची नावं भरून घेतली. ते आवाज हरवू नयेत म्हणून वेगळ्या फाइलींत न ठेवता थेट माझ्या कोडमध्ये गुंफले. पाठवण्यासाठी दाबून बांधल्यावर मी एवढासा झालो. ती खूश होऊन म्हणाली, "मावशी, तू रेंजच्या कातळावर बस, चहा पिऊन होईस्तोवर मोबाइलात उतरंल." मीही फुशारलो.

मग मी अ‍ॅपच्या दुकानात गेलो. कुणी कोड चोरू नये म्हणून तिथे तो आधी पार विसकटून कुलूपबंद करतात आणि मग बांधतात. घडी घातलेले कपडे पिशवीत मावतात, बोळे केलेले मावत नाहीत. कोडबरोबर आवाजही विसकटले आणि मी तिप्पट फुगलो. ऋतिका मात्र घरचंच माप धरून बसली होती. मला बोलता येत असूनही मी तिला हे सांगू शकलो नाही.

शुक्रवारी ठमीमावशीने पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस उगवणारी शेवळं पाटीभर काढून आणली. आज काय माल आहे ते पाहुण्यांना कळवायचं, म्हणून लेकीला घेऊन ती रेंज येते त्या कातळावर मला उतरवायला बसली. मी निम्म्याहून जास्त उतरलो आणि तिचं दिवसाचं नेट संपलं.

"आये, चाक नुस्तं फिरतंय गं," लेक कोंडी म्हणाली.

"फिरू दे. ऋतिकानं सांगितलंय, येनार म्हंजे येनार."

तिचा तो भरवसा ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंधारून आलं तशा दोघी खाली गेल्या. पाहुण्यांना काही कळलंच नाही, शनिवारी गिऱ्हाईक आलं नाही, आणि शेवळं पाटीतच कोमेजली.

ऋतिका माफी मागायला वाडीत गेली तेव्हा मी तिच्या मोबाइलमध्ये होतो. मावशी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तू कंदी आमच्या कातळावर बसून उतरवून पाह्यलंस का गं?"

घरी येऊन ऋतिकाने आवाज कोडमधून काढले आणि वेगळ्या फाइलींत ठेवले. त्या फाइली दुकान विसकटत नाही. पण दुकानात पुन्हा तपासणी झाली आणि त्यात बरेच दिवस गेले.

मित्रांनो, तुम्ही काही घडवलंत तर त्याचं वजन आपल्या टेबलावर करू नका. ते ज्याला घ्यायचं आहे त्याच्या दारात जाऊन करा. मी हलका होऊन मावशीच्या मोबाइलमध्ये उतरलो खरा, पण तोवर रानातली शेवळं संपली होती.