दोन पहारेकरी

कॉम्प्युटर दुरुस्तीला मी काकांकडे पोचले तेव्हा त्याच्या पंख्याची घरघर जिन्यात ऐकू येत होती. साडेदहा वाजले होते. अकराला काकांच्या लेकीला परगावी ऑपरेशनसाठी आत नेणार होते. ऑपरेशन उजव्या हाताचं. बोटं नंतर पहिल्यासारखी चालतील की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

आणि काकूंना जन्मापासून ऐकू येत नाही. मायलेकी बोलतात त्या हातांनीच. मोतीबिंदूमुळे मोबाइलवर काकूंना बोटं ओळखू येत नाहीत, म्हणून हा मोठा पडदा. पण व्हिडिओत लेकीचा हात वर जाई, थिजे आणि एकदम खालीच दिसे. मधलं बोलणं गायब. काकू पडद्याला नाक लावून बसल्या होत्या.

"मशीन जुनं झालंय, नवं घ्या" म्हणणारे आमच्या धंद्यात पैशाला पासरी. मला त्यांची चीड येते. आधी प्रोसेसर कोण खातंय ते तरी बघा! मी चालू प्रोग्रॅमची यादी उघडली. प्रोसेसर शंभर टक्के अडकलेला. सगळ्यात वर दोन वेगवेगळे अँटिव्हायरस. एकानं फाइल उघडली की दुसरा तीच तपासणार, मग पहिला पुन्हा दुसऱ्याच्या मागे.

"हे दोन कुणी टाकले?"

"एक थोरल्या पोरानं, एक धाकट्यानं," काका खाली बघत म्हणाले. "दोघं बोलत नाहीत ना. कोण कुणाला विचारणार?"

धन्य! एका घराला दोन पहारेकरी, आणि ते एकमेकांनाच चोर समजून धरताहेत.

एक तरी काढायलाच हवा होता, आणि थोरल्याच्याला पासवर्ड होता. थोरल्याला फोन लावला.

"माझा का? त्याचा काढा. नेहमी माझंच..."

"अहो, तुमचं भांडण घाला चुलीत!" मी ओरडलेच. "तुमच्या बहिणीला आईशी शेवटचं नीट बोलायचंय, त्या हातानं. वीस मिनिटं उरलीत."

त्यानं एकेक अक्षर करत पासवर्ड सांगितला. मी त्याचा अँटिव्हायरस काढून टाकला.

दहा अठ्ठेचाळीस. आता रीस्टार्ट. हे मशीन उठायला सात मिनिटं घेतं, काका म्हणाले, आणि कधीकधी उठतच नाही. तरी बटण दाबलं. पडदा काळा झाला तशी काकूंनी माझं मनगट धरलं, बांगडी रुतेल इतकं घट्ट.

दहा छप्पन. पंखा शांत. प्रोसेसर बारा टक्के. पडद्यावर लेक आली, आणि तिचा हात कुठेही अडत नव्हता. ती भराभर बोलत सुटली.

काकूंनी तळवा दाखवून तिला थांबवलं. स्वतःचा उजवा हात पाठीमागे नेला आणि डाव्या हातानं सावकाश एक खूण केली.

"काय म्हणताहेत?" मी विचारलं.

"'आई'," काका म्हणाले. "पोर दहा महिन्यांची असताना पहिला शब्द हाच शिकवला होता तिनं."

लेकीनं उजवा हात पांघरुणाखाली सारला आणि डावा उचलला. चुकली. काकूंनी मान हलवून पुन्हा करून दाखवलं. नर्स दारात येऊन उभी राहिली होती.

तिसऱ्यांदा लेकीला जमलं.